पहिल्या पानावर ताई

४ ऑगस्ट

सहा फुटांच्या टिल्लूस मावशीचा आशीर्वाद.

फोन न करता लिहितेय. वेबसाइटबद्दल तू फोनवर जे सांगतोस ते माझ्या एका कानातून आत येतं आणि दुसऱ्यापर्यंतही पोचत नाही. लिहून दिलंस तर चार वेळा वाचता येईल.

स्टुडिओ बंद झाला. तुला वाटेल, मावशी नेहमीसारखी वाढवून सांगतेय. नाही रे. भागीदारानं पाटी उतरवली आणि दोन रस्ते सोडून स्वतःच्या नावाची नवी लावली. जुनी वेबसाइट त्याच्या नावावर, जुनी गिऱ्हाइकं त्याच्या फोनमध्ये. तीस वर्षं कॅमेरा डोळ्याला लावला, आणि आज इंटरनेटवर माझं नाव टाकलं तर माझ्याच नावाची एक दंतवैद्य सापडते. हसतमुख आहे.

मी आणि सगळं सामान एका खोलीत आहोत. लाइटचे स्टँड पलंगाखाली, पडदे कपाटावर, लाइटवर लावायच्या छत्र्या दाराआड. शेजारीण विचारत होती, एकट्या बाईला इतक्या छत्र्या कशाला? दादा म्हणतो, "आमच्याकडे ये, मागची खोली रिकामीच आहे. वहिनीला दुकानात मदत होईल." कुणाच्या जाण्यानं रिकामी झाली ते तुला माहीत आहे. तुझा मामा मनानं वाईट नाही. पण तो 'मदत' म्हणाला तेव्हा वहिनीनं माझ्या हातांकडे असं बघितलं, की मी ते पदराआड घेतले. एकदा तिथे गेले की कॅमेरा पुन्हा हातात येणार नाही.

तर मला ते पोर्टफोलिओ की काय ते करून दे. गिऱ्हाइकं येतील असं. हार्ड डिस्क कुरियरनं पाठवतेय. त्यात 'ताई' नावाचं फोल्डर आहे. मी ते वेगळं काढायला गेले, पण संगणकानं दरवेळी काहीतरी विचारलं आणि मी घाबरून 'नको' दाबलं. ते उघडू नकोस. तुझ्या आईचे शेवटच्या दिवसांतले फोटो आहेत. उघडायचेच असतील तर कधीतरी माझ्याजवळ बसून उघड.

सूनबाईला आशीर्वाद, धाकटीला पापा.

तुझी,
मावशी


२१ ऑगस्ट

मावशे,

डिस्क पोचली. रोज संध्याकाळी घेऊन बसतो. बायकोनं विचारलं, "इतकी लग्नं बघून तुला आपलं आठवलं का?" मी पटकन हो म्हणालो.

आता खरं सांगतो, रागावू नकोस. गिऱ्हाईक तुझ्या पानावर येईल ते चहा पिता पिता, एका अंगठ्यानं. तेवढ्यात त्याला कळलं पाहिजे की ही बाई कोण, काय काढते आणि मी हिलाच का बोलवू. चारशे फोटो ठेवलेस तर तो एकही बघणार नाही. वीस ठेव. आणि त्या विसांत एकही असा नको, जो दुसऱ्या कुणीही काढला असता.

तिथेच घोडं अडलंय. फोटो चांगले आहेत. उजेड नेमका, कुणाचे डोळे मिटलेले नाहीत. पण सगळी माणसं तू सांगितलंस म्हणून हसलीयत. चाळीस लग्नं बघितली आणि शेवटी मला एकच नवरी आठवतेय.

तू स्वतः वीस निवड. आणि 'माझ्याविषयी' म्हणून चार ओळी लिही. साध्या. 'क्षण जपणारी' वगैरे लिहिलंस तर मी साइट बंद करीन.

आईचं फोल्डर उघडलेलं नाही.

टिल्लू


३० ऑगस्ट

टिल्लू,

लिहिलं. आधी लिहिलं, 'मी एक अनुभवी छायाचित्रकार.' वाचून मलाच जांभई आली. मग लिहिलं, 'भागीदारानं फसवलेली.' तेही खोडलं. लोक कीव करतील, काम देणार नाहीत. आता एवढंच उरलंय: 'मी माणसांचे फोटो काढते. तीस वर्षं काढतेय. फोन केलात तर मीच उचलते.'

वीस निवडले. कसे ते माझं मला माहीत.

मोठी लेन्स विकली. घेणाऱ्यानं काचेवर फुंकर मारून ती सदऱ्याच्या टोकानं पुसली. मला बघवेना, पैसे न मोजताच मी खाली उतरून आले. एका कारखान्यात ओळखपत्रांचे फोटो काढायचं काम आहे, तिथेही गेले. साहेब म्हणाले, "बाई, फोटो यंत्रच काढतं. तुम्ही फक्त खुर्ची वरखाली करायची." मी त्यालाही हो म्हटलं. कळवतो म्हणालेत.

लवकर कर रे. नाक पाण्यावर आहे तोवर कर.

मावशी


१४ सप्टेंबर

मावशे,

झाली! लिंक खाली आहे. तुझं नाव टाकलं की आता आधी तू येतेस, दंतवैद्यबाई तुझ्या मागे. फोनवरही पटकन उघडते. तुझ्या शहराचं नाव तीन ठिकाणी घातलंय, म्हणजे जवळपासच्या लोकांनी शोधलं तर तूच सापडावीस. खाली निरोप पाठवायची सोय आहे. मी 'चाचणी' असं लिहून पाठवलंय, ते गिऱ्हाईक समजू नकोस.

आता धीर धर.

टिल्लू


११ ऑक्टोबर

टिल्लू,

तुझी ती 'चाचणी' हेच आजवरचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक.

रोज उठल्यावर तोंड धुवायच्या आधी मेल बघते. एकानं केस वाढवायचं तेल विकायचा प्रयत्न केला. एकीनं विचारलं, बहिणीच्या लग्नाचे फुकट काढाल का, तुमची जाहिरात होईल. एकानं नुसतं 'हाय' लिहिलं. मी त्यालाही उत्तर पाठवलं, बघ. 'नमस्कार, कोणत्या प्रकारचे फोटो हवे आहेत?' असं.

कारखान्यानं कळवलं नाही. खुर्ची वरखाली करायलाही मी म्हातारी. दादानं मागच्या खोलीला रंग दिलाय. म्हणजे मी येणार हे त्यांनी धरून टाकलंय.

आणि काल भागीदार आला. चांगला बसला, पाणी प्यायला. म्हणाला, "साइट झकास झालीय. पण फोटो स्टुडिओचे आहेत. करारात तसं आहे. काढून टाका, नाहीतर मग वकील बोलेल." तो गेल्यावर मी करार वाचला. आहे तसं. खाली सही माझीच.

काढ. सगळे वीस काढ. मग उरेल माझं नाव आणि 'फोन केलात तर मीच उचलते'. इतक्या वर्षांत मी जे काही बघितलं त्यातलं एकही माझं नाही रे. मला आता काही सुचत नाही. दाराआडच्या त्या छत्र्यांवर चादर टाकलीय. दादाला हो म्हणून टाकते.

मावशी


२० ऑक्टोबर

मावशी,

फोटो काढून टाकलेत. साइट रिकामी आहे.

स्टुडिओचं नसलेलं, तुझं स्वतःचं काही मिळतंय का म्हणून डिस्क पुन्हा चाळली. काही नाही. मग ते फोल्डर उघडलं.

किती काढलेस? आईचं डोकं उशीवरून घसरलंय. आई भांड्यात ओकतेय. आईच्या गळ्याच्या शिरा. मी इथे दवाखान्यात पोरीला पहिल्यांदा हातात घेत होतो, आई फोनवर म्हणत होती, "मी ठणठणीत आहे, तू बाळंतिणीला सोडून हलू नकोस," आणि तू तिथे उभी राहून फोकस जमवत होतीस? उशी सरळ करायला हात नव्हते तुला?

सध्या मला लिहू नकोस.


२४ ऑक्टोबर

टिल्लू,

लिहू नकोस म्हणालास, तरी लिहितेय. वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव.

उशी मी सरळ केली. दरवेळी. भांडंही मीच धरलं. त्यातून हात मोकळा झाला की कॅमेरा उचलत होते.

दादानं तिच्या खोलीतला आरसा काढून ठेवला होता. चांगल्या मनानं. भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्या डोक्याच्या वर कुठेतरी बघून बोलायचा. एक दिवस ती मला म्हणाली, "ए, सगळे माझ्या मागच्या भिंतीशी गप्पा मारतात. तू तरी माझ्याकडे बघ. तुझा धंदाच आहे ना तो?"

मी म्हटलं, "ताई, मला रडू येतं गं."

"मग त्या डबड्याआडून बघ. रडलेलं दिसणार नाही."

म्हणून काढले. अट एकच होती. काढला की लगेच कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिला दाखवायचा. तोच तिचा आरसा झाला. "नाक बाबांचं झालंय बघ," म्हणाली एकदा. एकदा बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पुढचा काढ." तुला कळवायचं नाही, ही तिची शपथ होती. नातीच्या बारशाला माझं दुखणं नको, म्हणायची.

महिनाअखेर दादाकडे जातेय. सामान बांधून झालंय.

मावशी


१६ नोव्हेंबर

मावशे,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लाज वाटत होती. तुझं पत्र वाचल्यावर ते फोटो पुन्हा उघडून बघितले. एकदम नाही, रोज थोडे. उशीच्या फोटोत खालच्या कोपऱ्यात तुझा हात आलाय. पहिल्यांदा मला तो दिसलाच नव्हता.

लग्नातल्या माणसांना तू हसा म्हणायचीस. आईला तू काहीच म्हटलेलं नाहीस. ती बघतेय, तू बघतेयस. असे वीस फोटो शोधत होतो मी ऑगस्टपासून.

मी तीन साइटवर ठेवलेत, पहिल्या पानावर. बोडक्या डोक्याला रुमाल बांधतानाचा, औषधाचा पेला धरलेल्या हाताचा आणि झोपलेली असतानाचा. खाली लिहिलंय: 'माझी बहीण. तिनंच काढायला सांगितले. तुमच्या घरी कुणी फार आजारी असेल आणि बोलावलंत, तर मी येते.'

विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणून विचारलं नाही.

टिल्लू


१७ नोव्हेंबर

काढ ते. हे वाचतोयस तसा उठ आणि काढ.

ताईच्या दुखण्यावर मी दुकान मांडू? गिऱ्हाईक ओढायला बहिणीला दारात बसवू? दादानं बघितलं. जेवताना फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाला, "हे काय आहे?" वहिनी ताट तसंच टाकून उठून गेली. ताईनं ज्या खोलीत प्राण सोडला त्याच खोलीत झोपते मी हल्ली, टिल्लू. आश्रित तर होतेच, आता निर्लज्जही झाले.

मावशी


१९ नोव्हेंबर

मावशी,

काढले. चुकलो. मदत करायच्या घाईत ती तुझी बहीण आहे हेच विसरलो.

फोटो होते तेवढ्या वेळात एक निरोप आला. पुसून टाकणार होतो, पण तो तुला आलाय. खाली जसाच्या तसा देतो.

'मी नर्स आहे. माझी आई शिवणकाम करायची. आता तिचे थोडे दिवस उरलेत. घरात तिच्याकडे नीट कुणी बघत नाही, मीसुद्धा नाही. तुमच्या बहिणीचा रुमालाचा फोटो मी आईला दाखवला. ती म्हणाली, या बाईला बोलाव. याल का?'

नाही कळवायचं असेल तर मी कळवतो.

टिल्लू


१२ डिसेंबर

टिल्लू,

गेले होते.

जाणार नव्हते. तुझं पत्र वाचून फोन उशीखाली सारला आणि दुकानात जाऊन बसले. पण ते 'मीसुद्धा नाही' काही केल्या डोक्यातून जाईना. नर्स आहे ती. दिवसभर दुसऱ्यांच्या आयांकडे बघत असणार.

वहिनीला सांगितलं, डोळे तपासायला जातेय.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार त्या आजारी बाईच्या नवऱ्यानं उघडलं, हातात पक्कड. तो दिवसभर काहीतरी दुरुस्त करत असतो. नळ झाला, कडी झाली, पंखा झाला, तरी थांबत नाही. मुलीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "जरा पूर्वीसारखी दिसेल अशी काढाल ना?" तोच पलंगावरून आवाज आला, "पूर्वीसारखे ढीगभर पडलेत कपाटात. आताची काढायला बोलावलंय."

बाई टोकदार. मला वरून खाली बघून म्हणाली, "बाहीची शिवण उसवलीय तुमच्या. अशाच फिरता?"

म्हटलं, "हल्ली बघणारं कुणी नाही."

"मी बघतेय ना? काढा तो कुडता, इकडे द्या."

मी त्या परक्या घरात मुलीची शाल गुंडाळून बसले आणि बाईनं माझी बाही मांडीवर घेतली. सुईत दोरा जाईना. मुलगी पुढे झाली, तर तिला हातानंच थांबवून बाईनं हाक मारली, "अहो, ती पक्कड ठेवा आणि इकडे या."

तो आला. चष्मा कपाळावर चढवला, दोरा ओठांनी ओला केला, ओवला. सुई तिच्या बोटांत दिली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. मग तिथून हललाच नाही. तिनं टाके घातले, वाकडेतिकडे. "वाकडे आले," म्हणाली. तो म्हणाला, "तू कधी सरळ वागलीस?" दोघं हसायला लागली आणि मुलगी तोंडावर हात धरून स्वयंपाकघरात पळाली.

मी काढत होते.

फोटो तिला दाखवता आले, एवढं नशीब. एकावर बोट ठेवून म्हणाली, "हा यांना द्या. बाकीचे पोरीला, पण लगेच नको." गेल्या आठवड्यात ती गेली. नवरा येऊन तो एक घेऊन गेला. त्यानं पाकीट पुढे केलं, मी घेतलं. काम आहे ते माझं. मुलीनं सांगितलंय, बाकीचे तुमच्याकडे राहू द्या, जमेल तेव्हा येईन. तिनं आणखी दोन घरांना माझा नंबर दिलाय.

दादाला सगळं सांगितलं. म्हणाला, "मरणाऱ्यांचे फोटो काढून जगणार तू?" मी म्हटलं, "मरणारी कुठे रे, भांडतात माझ्याशी." तो दुकानाच्या किल्ल्या घ्यायला उठला. दारातून वळून म्हणाला, "तो आरसा मी काढायला नको होता का गं?" मी जवळ गेले. त्याच्या पाठीवर हात ठेवला. आमच्यात ती पद्धत नाही, त्यामुळे दोघंही अवघडलो.

आता अडचण ऐक. त्या घरातले फोटो साइटवर येणार नाहीत. लोक दार उघडतात ते माझ्यापुरतं, जगापुरतं नाही. तसा शब्द मी तिथेच दिला. म्हणजे यापुढे मी जे बरं काढीन ते कुणालाच दिसायचं नाही. आणि साइट रिकामी ठेवली, तर पुढची मुलगी मला शोधणार कशी?

दाखवायला माझ्याकडे एकटी ताई आहे. ती माझी बहीण, पण तुझी आई. तू ओरडलास, मी ओरडले, झालं. आता नीट विचारते. ठेवू का? नाही म्हणालास तर नाही. पुन्हा विषय काढणार नाही.

मावशी


१९ डिसेंबर

मावशे,

ठेवले.

लगेच उत्तर दिलं नाही, कारण एकट्यानं ठरवायचं नव्हतं. बायकोला शेजारी बसवलं. धाकटी मांडीवर चढली, फोटोवर बोट टेकवून म्हणाली, "आजी टोपी?" मी म्हटलं, "रुमाल. आजी रुमाल बांधतेय." मी पहिल्यांदाच तिला आईबद्दल काहीतरी सांगितलं.

पाच निवडले. तुझ्या त्या तीन ओळी वर तशाच आहेत. शेवटी एक ओळ मी घातलीय: 'इतर घरांतले फोटो त्या त्या घरांत आहेत.'

प्रत्येक फोटोखाली आई तेव्हा काय म्हणाली ते लिहिलंय, तुझ्या पत्रातून घेऊन. एकाखाली मात्र काही नाही. त्यात ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. मान वळवलीय आणि खदाखदा हसतेय, दात दिसताहेत. असं हसताना मी तिला कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. काय म्हणाली होती गं? कुणाला म्हणाली? तेवढं कळव, म्हणजे पान पुरं होईल.

टिल्लू


२३ डिसेंबर

टिल्लू,

पान बघितलं. दादालाही दाखवलं. त्यानं ते स्वतः बोटानं खालपर्यंत सरकवत नेलं, पुन्हा वर आणलं.

त्या हसऱ्या फोटोचं विचारलंस. मला माहीत नाही रे. खोलीत इंजेक्शन द्यायला आलेली सिस्टर होती, दारात बहुतेक दादा होता. ताई काहीतरी बोलली आणि हसली, सगळेच हसले, आणि मी बटण दाबलं. ती काय बोलली ते मी ऐकलंच नाही. माझं सगळं लक्ष तिच्या गालावर आलेल्या उजेडाकडे होतं. दादाला विचारलं, त्यालाही आठवत नाही. तुझं पत्र आल्यापासून आठवतेय. काहीतरी छान रचून तुला पाठवता आलं असतं. एक ओळ लिहिलीही होती. पण ती माझी वाटली, ताईची नाही.

खालची जागा रिकामी ठेव.

उद्या दुसऱ्या घरी जायचंय. तिथे एक आजोबा आहेत. त्यांच्या सुनेनं फोनवर आधीच बजावलं, "ते फार बोलतात हं. फोटो राहतील बाजूला, तुम्ही कंटाळाल."

मी म्हटलं, "बोलू देत. मी लवकर येते."

मावशी